गोठ्यातला गोचीड नेमका कोणता, आणि ते कळून काय उपयोग?

एकाच गाईच्या अंगावरून काढलेले गोचीड एका बाटलीत ठेवले, तर बहुतेकांना ते सारखेच वाटतात. कुणी टम्म फुगलेला, कुणी चपटा, कुणी अगदी बारीक, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्षात त्या बाटलीत बऱ्याचदा दोन वेगळ्या जाती असतात. एक जात लहानपणी गाईवर चढली ती पुन्हा खाली उतरलेलीच नसते. दुसरी कालपरवा गोठ्याच्या भिंतीतून आलेली असते आणि त्याआधी तिने दुसऱ्याच जनावराचं रक्त प्यायलेलं असतं. दोघींपासून होणारे रोग वेगळे आहेत, ते पसरण्याची रीत वेगळी आहे आणि त्यांचा बंदोबस्तही वेगळ्या ठिकाणी करावा लागतो.

मी बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवते. पादरा, वाघोडिया, सावली या बाजूंनी येणारी मुलं घरच्या गाई-म्हशींवरच्या ‘इतरड्या’ (गुजरातीत गोचीड) डबीत घालून आणतात आणि विचारतात, “मॅडम, ह्या कुठल्या?” ‘गोचीड आहेत, औषध मारा’ एवढ्यावर या प्रश्नाची बोळवण करणं मला पटत नाही. गोचिडाला शास्त्रीय नाव कसं मिळतं आणि त्या नावात किती माहिती भरलेली असते, हे समजलं तर गोठ्यातली निम्मी कोडी सुटतात. म्हणून हा लेख.

वर म्हटलेल्या दोन जातींपैकी पहिली ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस आणि दुसरी हायलोमा अ‍ॅनाटोलिकम. मी मुख्यतः दुसरीबद्दल बोलणार आहे. उत्तर आफ्रिकेपासून मध्यपूर्व आणि मध्य आशियामार्गे भारतापर्यंत ती पसरली आहे, गुजरातच्या उष्ण हवेत चांगलीच रुळली आहे, संकरित गाईंचा जीव घेणारा रोग ती पसरवते आणि माणसालाही तिच्यापासून धोका आहे.

आयुष्यात तीनच जेवणं

गोचीड हा कीटक नाही. कोळी आणि विंचू यांच्या गोतातला तो आहे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला सहाच पाय असतात. या अवस्थेला लार्व्हा म्हणतात, आणि तो एक मिलिमीटरही भरत नाही. लार्व्हा एकदा पोटभर रक्त पितो, कात टाकतो आणि आठ पायांचा निम्फ होतो. निम्फ पुन्हा एकदा रक्त पितो, पुन्हा कात टाकतो आणि मग त्यातून नर किंवा मादी बाहेर येते. मादी शेवटचं रक्त पिऊन फुगते, जनावरावरून खाली पडते, एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणजे मादीच्या अख्ख्या आयुष्यात मोठी जेवणं तीनच.

ही तीन जेवणं कुणाकुणाकडे होतात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ज्याच्या रक्तावर गोचीड जगतो त्या प्राण्याला शास्त्रात यजमान म्हणतात. मायक्रोप्लस ही एकयजमानी जात. लार्व्हा गाईवर चढतो, तिच्याच अंगावर दोनदा कात टाकतो, तिथेच नर-मादी भेटतात आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते ती अंडी घालायलाच. हायलोमा अ‍ॅनाटोलिकम बहुधा त्रियजमानी असते. दर जेवणानंतर ती खाली उतरते, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते आणि नवं जनावर शोधते. कधी कधी लार्व्हा खाली न उतरता त्याच जनावरावर निम्फ होतो, तेव्हा यजमान दोनच लागतात. परिस्थितीप्रमाणे दोन्ही रीती चालवून घेणारी ही जात आहे.

तिची आवड म्हणाल तर गाय पहिली. त्याखालोखाल म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, उंट. पुस्तकात यजमानांची यादी वाचताना मात्र जरा जपून वाचावं. गोचीड ज्याच्यावर म्हणून सापडला त्या प्रत्येकाचं नाव यादीत येतं. कुत्रा गोठ्यात झोपला आणि त्याच्यावर एखादा गाईचा गोचीड चढला, की यादीत कुत्राही आला. त्यामुळे यादी लांबते, पण ती जात खरोखर कुणाच्या जिवावर वाढते हे तिच्यातून कळेलच असं नाही. कोणत्या प्राण्यावर ती पोट भरून पुढच्या अवस्थेत जाते, हे पाहायला हवं. जुन्या नोंदी वाचताना हा फरक कुणी केलेला नसला की मला फार हळहळ वाटते, कारण तेवढ्या कष्टाने गोळा केलेली माहिती निम्मीच कामाला येते.

भिंगाखाली काय दिसतं

रक्त प्यायलेली फुगीर मादी ओळखायला वाईट. करड्या रंगाची, ताणलेली, हुबेहूब एरंडीच्या बीसारखी, आणि फुगल्यावर बऱ्याच जातींच्या माद्या अशाच दिसतात. ओळखायला उपाशी नर सर्वांत चांगला. तो चार-पाच मिलिमीटरचा, चपटा आणि तपकिरी असतो. पालथा ठेवून पाहिला तर पाठभर एकच कडक ढाल दिसते. मादीला ही ढाल फक्त पुढच्या भागात असते, मागचं अंग मऊ, कारण तिला फुगायचं असतं. ढालीच्या दोन्ही कडांवर एकेक छोटा चकचकीत डोळा असतो. ढालीवर बारीक टोचल्यासारखे खड्डे असतात. ते किती, केवढे आणि कुठे दाटले आहेत, हे वर्णन लिहिणारा टिपून ठेवतो.

पुढे डोकावणारं तोंड लांब दिसलं, की हायलोमा असण्याची शक्यता वाढते. मायक्रोप्लसचं तोंड आखूड आणि बसकं असतं. साध्या हातभिंगाने गोठ्यातसुद्धा हा फरक दिसतो, आणि एवढ्यावरच बाटलीतले दोन ढीग वेगळे करता येतात.

आता नर उताणा करायचा. मागच्या बाजूला गुदद्वाराच्या आजूबाजूला कडक पट्ट्या दिसतात. हायलोमाच्या नरात त्यांच्या तीन जोड्या असतात, आणि त्यांची ठेवण जातीगणिक बदलते. चौथ्या पायामागे दोन्ही कुशींना श्वास घेण्याच्या छिद्राची चकती असते. तिचा आकार, तिची शेपटीसारखी पुढे गेलेली बाजू, सगळं मोजलं जातं. मादीत जननछिद्राच्या झडपेचा आकार पाहतात. पहिल्या पायाच्या टोकाजवळ एक खळगा असतो, त्याला हॅलरचं अंग म्हणतात. जनावराचा वास, त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब गोचिडाला कळते ती याच खळग्यातून. भिंगाखाली जिवंत गोचीड धरला की तो पुढचे दोन पाय वर करून हलवताना दिसतो. त्या वेळी तो हवेत आपला वास घेत असतो.

जातीचं शास्त्रीय वर्णन म्हणजे हे सगळं नर, मादी, निम्फ आणि लार्व्हा या चारही रूपांसाठी लिहिणं, चित्रं काढणं, मापं देणं, नमुना कुठून आणि कुठल्या प्राण्यावरून घेतला ते सांगणं आणि जवळच्या जातींपासून ती वेगळी कशी हे दाखवणं. त्यातला एक नमुना ‘टाइप’ म्हणून संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कुणाला शंका आली तर त्या नावाचा अर्थ ठरतो तो त्याच नमुन्यावरून.

एकदा दिलेलं नाव, पण भांडण दीडशे वर्षं

१८४४ साली कार्ल लुडविग कॉख या जर्मन अभ्यासकाने गोचिडांची नवी मांडणी प्रसिद्ध केली. आज आपण वापरतो ते हायलोमा, ऱ्हिपिसेफॅलस, हीमाफायसॅलिस, अँब्लिओमा हे सगळे वंश (जवळच्या जातींचे गट; शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा असतो) त्या एका वर्षाचे आणि त्या एका माणसाचे आहेत. त्यातच त्याने हायलोमा अ‍ॅनाटोलिकम आणि हायलोमा एक्स्कॅव्हेटम अशा दोन जाती सांगितल्या. वर्णनं मात्र त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्रोटक होती.

पुढे पंचाईत झाली ती हायलोमाच्या स्वभावामुळे. निम्फला पोटभर रक्त मिळालं नाही तर त्यातून निघणारा नर लहानखुरा होतो, त्याच्या ढालीची ठेवण आणि पट्ट्यांचे आकारही बदललेले दिसतात. एकाच आईची भावंडं दोन जातींची वाटावीत इतका फरक पडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा फरकांवरून ढीगभर नावं दिली गेली. ती नंतर एकेक करून रद्द करावी लागली. भारतातल्या गोचिडांचा मोठा आढावा एम. शरीफ यांनी १९२८ साली प्रसिद्ध केला, आणि हायलोमा हुसैनी, हायलोमा कुमारी या जाती त्यांनीच वर्णिल्या. कुमारी मेंढ्या-शेळ्यांवर सापडते. आपल्याकडचा हायलोमा म्हणजे अ‍ॅनाटोलिकमच, असं डोळे झाकून धरता येत नाही ते यामुळेच.

१९५९ साली हूगस्ट्राल आणि कायझर यांनी कॉखच्या त्या दोन जाती एकाच जातीच्या दोन उपजाती मानल्या. तेव्हापासून पुस्तकांत तीन शब्दांची नावं आली, हायलोमा अ‍ॅनाटोलिकम अ‍ॅनाटोलिकम आणि हायलोमा अ‍ॅनाटोलिकम एक्स्कॅव्हेटम. जुने पशुवैद्यकीय अहवाल काढून पाहिले तर अजून तीच दिसतात. २००५ साली अपानास्केविच आणि होराक यांनी सगळ्या अवस्थांचं नव्याने वर्णन केलं आणि दोन्ही पुन्हा स्वतंत्र जाती ठरल्या. मोठे नर-मादी सारखे दिसत असले तरी लहानपणी त्या वेगळ्या वाटेने जातात. एक्स्कॅव्हेटमचे लार्व्हा आणि निम्फ मुख्यतः बिळात राहणाऱ्या उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांवर आणि सशांवर वाढतात. अ‍ॅनाटोलिकमचे लार्व्हा आणि निम्फसुद्धा गाईवरच चढतात.

नावाशेजारच्या कंसाची एक गंमतही इथेच सांगते. पुस्तकात ‘हायलोमा अ‍ॅनाटोलिकम कॉख, १८४४’ असं कंसाशिवाय छापतात, पण ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस (कानेस्ट्रिनी, १८८८)’ असं कंसात. कंस दिसला की समजायचं, मूळ लेखकाने ही जात वेगळ्या वंशात ठेवली होती. कानेस्ट्रिनीने ती हीमाफायसॅलिसमध्ये घातली होती, नंतर ती बूफिलसमध्ये गेली आणि २००३ साली बूफिलस हा वंशच ऱ्हिपिसेफॅलसमध्ये विलीन झाला. औषधाच्या बाटलीवर बूफिलस वाचलंत तर घाबरू नका, गोचीड तोच आहे.

लहानपणी कुणाचं रक्त प्यायलं?

एवढी काटेकोर छाननी कशासाठी, हे थायलेरियाच्या रोगावरून लख्ख कळतं. थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा एका पेशीचा परजीवी. तो गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या आणि पुढे तांबड्या पेशींत शिरतो. ताप चढतो, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते, दूध आटतं, डोळ्यांच्या कडा आधी पांढुरक्या आणि मग पिवळट होतात. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या संकरित गाई याला पटकन बळी पडतात. गीर किंवा कांकरेज गाय बहुतेक वेळा तग धरते, पण बरी झाल्यावरही तिच्या रक्तात परजीवी थोडाफार राहतो. दिसायला ती ठणठणीत, आणि गोचिडाला मात्र तिच्याकडून परजीवी मिळत राहतो.

आता महत्त्वाची गोष्ट. हा परजीवी गोचिडाच्या आईकडून अंड्यात जात नाही. अंड्यातून निघालेला प्रत्येक लार्व्हा कोरा असतो. लार्व्हा किंवा निम्फ असताना त्याने बाधित गाईचं रक्त प्यायलं, तरच परजीवी त्याच्यात शिरतो. मग तो कात टाकतो आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या गाईला चावतो, तेव्हा लाळेतून परजीवी तिच्यात जातो. म्हणजे दोन अटी झाल्या. लहानपणीचं जेवण गाईवर व्हायला हवं, आणि पुढचं जेवण दुसऱ्या गाईवर.

हायलोमा अ‍ॅनाटोलिकम या दोन्ही अटी सहज पुऱ्या करते. तिची पिल्लं गाईवर वाढतात, उतरतात, त्याच गोठ्याच्या भिंतीत कात टाकतात आणि शेजारी बांधलेल्या गाईवर चढतात. एक्स्कॅव्हेटमची पिल्लं लहानपणी उंदरावर असतील तर त्यांना थायलेरिया मिळणार कुठून? मोठी झाल्यावर ती गाईवर आली तरी बहुधा रिकाम्या हाताने येतात. भिंगाखाली जेमतेम ओळखू येणाऱ्या दोन जाती, पण संकरित गाईच्या दृष्टीने एक तिच्या जिवावर उठणारी आणि दुसरी त्या मानाने निरुपद्रवी. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी नेहमी हे उदाहरण देते.

मायक्रोप्लस सगळी जेवणं एकाच गाईवर उरकते, म्हणून थायलेरियाच्या कामाची नाही. तिच्याकडे बबेसिया आहे. हा परजीवी मादीतून अंड्यात उतरतो आणि पुढची अख्खी पिढी तो घेऊनच दुसऱ्या गाईवर चढते. गाईची लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची झाली की आधी याचाच संशय घ्यावा. गोचीड रोग पसरवतो हे थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी अमेरिकेत सिद्ध करून १८९३ साली प्रसिद्ध केलं, तेही याच रोगाबाबत.

माणसाचा धोका

२०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात, कोलट गावात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण निघाले. भारतात या रोगाचं खात्रीने झालेलं ते पहिलं निदान, आणि ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केलं. उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही त्यात दगावले. तिथल्या जनावरांवरच्या हायलोमा अ‍ॅनाटोलिकम गोचिडांतही विषाणू सापडला. या विषाणूने जनावर आजारी दिसत नाही. माणसाला तो गोचीड चावल्याने, गोचीड बोटांनी चिरडल्याने किंवा बाधित जनावराच्या अथवा रुग्णाच्या रक्ताशी संबंध आल्याने होतो. दूध काढता काढता कासेवरचा गोचीड नखाने फोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. ती आजच सोडा. हातमोजे घाला, चिमट्याने काढा. गोचीड बोटाने चिरडू नका, चुलीत टाकताना उघड्या हाताने उचलू नका, आणि काम झालं की साबणाने हात धुवा.

दांडिया बाजारातल्या एका काकूंनी हे सगळं ऐकून काळजीने विचारलं, “अगं, आमच्या मोत्याच्या अंगावर पण गोचीड आहेत. आता काय करू? नातवंडं त्याच्याशीच खेळतात गं.” मी म्हटलं, “काकू, घरात राहणाऱ्या मोत्यावरचा गोचीड बहुधा वेगळाच. तो तीनही वेळा कुत्र्यावरच जेवतो, म्हणून घराच्या भिंतींवर आणि पडद्यामागे चढताना दिसतो. त्याच्यापासून मोत्याला ताप येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांकडे न्याच. आणि त्याला गोठ्यात झोपू देऊ नका.” या जातीचंही नाव अलीकडेच बदललं. कित्येक वर्षं ती ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणून ओळखली जात होती. २०१८ साली त्या नावाचा टाइप नमुना नव्याने ठरवला, तेव्हा उष्ण प्रदेशातला आपला गोचीड त्यात बसेना. २०२१ साली त्याला ऱ्हिपिसेफॅलस लिनेई हे जुनं नाव परत मिळालं. कोकणात नातेवाईक असलेल्यांनी माकडतापाबद्दल ऐकलं असेल. त्यामागची जात आणखी निराळी, जंगलातली हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा.

मग गोठ्यात काय करायचं?

हायलोमा असेल तर नुसतं गाईला औषध लावून भागत नाही. कुठल्याही क्षणी बरेचसे गोचीड गाईवर नसतातच, ते भिंतीत असतात. विटांमधल्या फटी, गव्हाणीचे सांधे, दाराच्या चौकटीमागची जागा सिमेंटने किंवा मातीने लिंपून घ्या, चुन्याचा हात फिरवा. गोठ्याचं छप्पर गवताचं नसेल आणि माणूस सवयीचा असेल तर भेगांवर ज्योत फिरवण्याचाही चांगला उपयोग होतो. मायक्रोप्लसचे लार्व्हा गवतावर वाट पाहतात, तिथे भिंत लिंपून काही होणार नाही. चराईची जागा बदलणं आणि जनावरावरचं औषध यांच्यावरच भर द्यावा लागतो. औषधाचं प्रमाण पशुवैद्यांनाच ठरवू द्या. मनाने पातळ करून वारंवार मारलं की गोचिडांना त्याची सवय होते आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही. औषध लावल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही, तेही त्यांनाच विचारा.

गोचीड चिकटल्या चिकटल्या थायलेरिया देत नाही. रक्त पिऊ लागल्यावर त्याच्या लाळग्रंथींत परजीवी तयार व्हायला काही दिवस जातात. म्हणून दर एक-दोन दिवसांनी कास, जांघ, शेपटीखालचा भाग हाताने चाचपून चिकटलेले गोचीड काढणं, हे वाटतं त्याहून खूप मोठं काम आहे. संकरित वासरं असतील तर थायलेरियाच्या लशीबद्दल वेळीच विचारून ठेवा. ताप आणि सुजलेली गाठ एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या. या रोगावर औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं.

गोचीड ओळखून घ्यायचा असेल तर चिमटा कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल नको, चटका नको, पिळायचं नाही. तोंड तुटून कातडीत राहिलं तर ओळख अर्धीच राहते. छोट्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोल घ्या, फुगलेल्या माद्यांबरोबर चपटे नरही घाला आणि आत जाड कागदाची चिठ्ठी टाका. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, गाव, कुठलं जनावर, अंगाच्या कुठल्या भागावर सापडला, जनावर बांधलेलं असतं की चरायला जातं, एवढं त्यावर हवं. अशी बाटली आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यांकडे दिलीत तर तपासणाऱ्याला जात ठरवायला पुरेसं मिळतं. चिठ्ठीवर फक्त ‘गोचीड, पादरा’ असं लिहिलेल्या बाटल्या माझ्या कपाटात बऱ्याच आहेत, आणि त्यांतले गोचीड गाईवरचे की म्हशीवरचे हे आता कुणीच सांगू शकत नाही.